स्टेपनी कुठे बांधावी?

मोटारीच्या जादा चाकाला आपल्याकडे सर्रास 'स्टेपनी' म्हणतात. गॅरेजमधला पोऱ्या म्हणतो, ट्रकचा क्लीनर म्हणतो आणि मोटारीत क्वचित बसणारा माणूसही म्हणतो. हा शब्द मुळात एका रस्त्याच्या नावावरून आलेला आहे. ब्रिटनमधील वेल्स या भागात लनेली नावाचे गाव आहे. तेथे स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर थॉमस मॉरिस डेव्हिस आणि त्याचा भाऊ वॉल्टर यांनी १९०४ साली एक नवे साधन तयार केले. त्या काळच्या मोटारींबरोबर जादा चाक नसेच. पंक्चर झाले की रस्त्यातच टायर सोडवून ठिगळ लावत बसावे लागे. डेव्हिस बंधूंनी आरे नसलेले, नुसत्या कड्यासारखे एक चाक बनवले. त्याच्यावर हवा भरलेला टायर तयारच असे. पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला ते शिकंज्यांनी जखडायचे आणि पुढे निघायचे. ते साधन केव्हाच मागे पडले. खुद्द इंग्लंडात आज 'स्टेपनी' म्हटले तर लोकांना लंडनमधील त्या नावाची वस्ती आठवते. पण भारतात, बांगला देशात आणि भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर हा शब्द अजून टिकून आहे.

शब्दाची गोष्ट एवढी पुरे. आपल्याला सोडवायचा प्रश्न वेगळा आहे. समजा, एक चारचाकी जोराचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारा, छोटा ट्रक आहे. पुढे चार-पाच माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. हा ट्रक डांबरी रस्ता सोडून डोंगरात, ओढ्यांतून, खडकाळ वाटांनी जाणार आहे. त्याची स्टेपनी कुठे बांधावी?

वरवर पाहता हा प्रश्न मिस्त्रीने पाच मिनिटांत निकालात काढण्यासारखा वाटतो. जेथे जागा असेल तेथे बांधा! पण तरफेचा नियम, गुरुत्वमध्य, जडत्व हे शाळेत शिकलेले सगळे धडे या एका चाकाभोवती गोळा होतात. शिवाय येथे चुकीचा निर्णय घेतला तर उत्तरपत्रिकेतले गुण जात नाहीत. ट्रक कलंडतो, किंवा वस्तीपासून चाळीस किलोमीटरवर फाटलेल्या टायरसह अडकून पडतो.

पण जादा चाक हवेच कशाला, असे कोणी विचारील. ट्यूबलेस टायर आले, टायरमधील हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आली. भारतात २०२० साली नियम बदलून, ही साधने आणि दुरुस्तीचा संच असलेल्या काही प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. शहरात हे चालून जाईल. खिळा टायरच्या तळव्यात घुसतो आणि तेथे दट्ट्या बसवता येतो. खडकाळ वाटेवर मात्र धारदार दगड टायरच्या कुशीला चिरतो. टायरची कूस प्रत्येक फेरीत वाकते आणि सरळ होते. तेथे लावलेला दट्ट्या भरवशाचा नसतो. तेव्हा आपल्या ट्रकला पुऱ्या मापाचे पाचवे चाक हवे.

'पुऱ्या मापाचे' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पुढच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभी असलेली जीप किंवा ट्रक पाहाल तेव्हा टायरच्या कुशीवरचे आकडे वाचा. समजा, तेथे २६५/७० आर १७ असे लिहिले आहे. म्हणजे टायरची रुंदी २६५ मिलिमीटर. कुशीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे १८५ मिलिमीटर. आणि आतल्या लोखंडी रिमचा व्यास १७ इंच, म्हणजे ४३२ मिलिमीटर. 'आर' हे अक्षर टायरच्या आतील धाग्यांची मांडणी सांगते. चाकाच्या पूर्ण व्यासात कूस वर आणि खाली अशी दोनदा येते. तेव्हा ४३२ अधिक दोन वेळा १८५, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर. डोंगरात जाणारे हौशी लोक अनेकदा याहून मोठे टायर बसवतात. उदाहरणार्थ २८५/७० आर १७. त्याचा व्यास तुम्हीच काढा. तो ८३ सेंटिमीटर येईल.

आता चारही चाके ८३ ची आणि स्टेपनी जुनी ८० ची ठेवली तर? पहिले चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ३८३ फेरे घेईल आणि दुसरे ३९६. पुढच्या आणि मागच्या आसांचा जोर एकत्र जोडलेला असताना हा १३ फेऱ्यांचा फरक कुठेतरी जिरावा लागतो. चिखलात चाके घसरून तो जिरतो. पण कठीण जमिनीवर चाके सहज घसरत नाहीत आणि सगळा ताण दातेरी चक्रांवर येतो. म्हणून पाचवे चाकही ८३ चेच हवे. खरी अडचण येथून सुरू होते, कारण कारखान्याने स्टेपनीसाठी ठेवलेली जागा जुन्या मापाची असते आणि नवे चाक तेथे बसत नाही. असे चाक रिमसह साधारण ४५ किलोग्रॅम भरते असे धरू.

ट्रकच्या पोटाखाली

कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक पिकअप ट्रकांची स्टेपनी हौद्याच्या खाली, मागच्या आसाच्या पाठीमागे आडवी टांगलेली असते. साखळीने किंवा तारदोराने ती खाली सोडता येते. ही जागा तशी हुशारीने निवडलेली आहे. हौद्यातली जागा जात नाही, आरशातून मागचे दिसते आणि वजन खालच्या बाजूला राहते. शहरातून गावाकडे आणि गावाकडून शहराकडे माल वाहणाऱ्या ट्रकला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

पण आपला ट्रक ओढ्यात उतरणार आणि समोरची दरड चढणार. वहीत एक आकृती काढा. जमीन म्हणून एक आडवी रेघ. तिच्यावर मागचे चाक. चाकाच्या मागे ११५ सेंटिमीटरवर, जमिनीपासून ५२ सेंटिमीटर उंचीवर मागचा बंपर. चाक जमिनीला टेकते त्या बिंदूपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत रेघ ओढा आणि कोनमापकाने कोन मोजा. तो सुमारे २४ अंश भरेल. याला अभियंते डिपार्चर अँगल म्हणतात. आपण 'मागचा कोन' म्हणू. (काटेकोर मापात ही रेघ चाकाच्या परिघाला स्पर्श करते, पण आपल्या कामाला हे पुरेसे आहे.) सपाटीवरून एकदम चढ लागला आणि त्याचा कोन २४ अंशांहून कमी असला, तर मागचा भाग घासला न जाता ट्रक वर जाईल. आता याच आकृतीत चाकाच्या १०५ सेंटिमीटर मागे, जमिनीपासून ३८ सेंटिमीटरवर टांगलेल्या स्टेपनीची मागची कडा दाखवा आणि पुन्हा कोन मोजा. तो २० अंश येतो. चार अंश गेले! ओढ्याच्या काठावर चार अंश म्हणजे पार होणे आणि मागून अडकणे यांतला फरक आहे. टायर रबराचा असल्याने खडकावर आपटून फुटत नाही हे खरे. पण ती टांगणारी साखळी आणि तिची यंत्रणा दर वेळी मार खाते, वाकते, चिखलाने आणि गंजाने जाम होते.

याहूनही मोठी गैरसोय एरवी लक्षात येत नाही. समजा मागचेच चाक बसले. ट्रकची मागची बाजू खाली आली. वाळूत किंवा चिखलात ती आणखी खाली रुतली. आता स्टेपनी आणि जमीन यांच्यामधली फट इतकी कमी झाली की चाक खाली सोडले तरी बाहेर ओढता येत नाही. म्हणजे आधी जॅक लावून ट्रक उचलायचा, मग त्याच्याखाली हात घालून चाक काढायचे. जॅकवर तोललेल्या ट्रकखाली जाऊ नये हा मोटार दुरुस्तीतला पहिला नियम आहे, आणि ही जागा नेमके तेच करायला लावते.

उलाळ आणि धूरजड

मग स्टेपनी मागच्या फाळक्याबाहेर उभी लावावी. सुमो, बोलेरो यांच्या मागच्या दारावर ती तुम्ही पाहिली असेल. चटकन हाताशी येते, खाली काही लोंबत नाही आणि दिसतेही रुबाबदार. पिकअपचा फाळका मात्र खाली पडणारा असतो. म्हणून मागच्या बंपरला एक मजबूत लोखंडी चौकट दारासारखी बिजागरीवर बसवतात आणि तिच्यावर चाक लावतात. या चौकटीचे वजन २५ किलोग्रॅम धरले तर चाकासह ७० किलोग्रॅम ओझे मागच्या आसापासून १३५ सेंटिमीटर मागे टांगले गेले.

आता बैलगाडीकडे वळू. गाडीत पोती भरताना शेतकरी फार जपतो. ओझे चाकांच्या फार मागे गेले तर गाडी 'उलाळ' होते. जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. ओझे फार पुढे आले तर गाडी 'धूरजड' होते आणि बैलांच्या मानेवर भार येतो. तरफेचा नियम न शिकताही हे दोन नेमके शब्द आपल्या भाषेत तयार झाले आहेत. ट्रकलाही तेच लागू आहे. मागचा आस हा टेकू समजा. पुढचा आस त्याच्यापासून ३०० सेंटिमीटरवर आहे. मागे लोंबणाऱ्या ७० किलोग्रॅमचे आघूर्ण झाले ७० गुणिले १३५. पुढच्या आसावरून जेवढा भार उचलला जाईल त्याला ३०० ने गुणले की हेच उत्तर आले पाहिजे. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार साडेएकतीस किलोग्रॅमने कमी होतो! आणि मागच्या चाकांवर ७० नव्हे, तर साडेएकशे एक किलोग्रॅम वाढतात. ट्रकमध्ये आपण ७० किलोग्रॅमच ठेवले, पण मागच्या पाट्यांना ते शंभरावर वाटतात.

साडेएकतीस किलोग्रॅम म्हणजे फार काही नाही, असे तुम्ही म्हणाल. रिकामा ट्रक २००० किलोग्रॅमचा, त्यातले ११०० पुढच्या चाकांवर. सपाट रस्त्यावर तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण हाच ट्रक २५ अंशांचा चढ चढू लागला की त्याचा भार आपोआप मागे सरकतो. गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर पुढच्या चाकांचा दाब ११०० वरून सुमारे ८०० वर येतो. त्यात आपली स्टेपनी आणखी ३८ कमी करते, कारण चढावर तीही जास्त मागे कलते. हौद्यात फाळक्याजवळ पाण्याची पिंपे आणि तंबू टाकला असेल तर आणखी भार जातो. दिशा देण्याचे काम पुढची चाके करतात, आणि जमिनीवर नीट दाबली गेलेली चाकेच वळवली की वळतात. एका बाजूला दरी असलेल्या चढावर स्टीअरिंग हलके लागू लागले तर चालक घाबरतो, आणि त्याने घाबरावेच.

आणखी एक गोष्ट. चाक चौकटीपासून थोडे बाहेर असते, त्यामुळे चौकटीची वरची बिजागरी बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते. ट्रक खड्ड्यात आपटला की क्षणभर चाकाचा भार दुप्पट-तिप्पट होतो. असे हजारो धक्के बसले की धातू 'थकतो'. एकदम तुटणार नाही अशा भाराखालीही त्याला केसासारखी बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. तार एकदा वाकवून तुटत नाही, पण पुन:पुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. दारावर थेट लावलेल्या जड स्टेपनीमुळे दार लोंबू लागते व त्याला तडे जातात, ही जुन्या लँड रोव्हर गाड्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार आहे. म्हणून भार दारावर न टाकता बंपरमार्फत चासीवर टाकणे शहाणपणाचे. चौकट उघडी राहण्यासाठी अडणीही हवी. ट्रक आडव्या उतारावर उभा असेल तर कडी काढताच ४५ किलोचे चाक घेऊन ती चौकट आपणहून वेगाने फिरते, आणि वाटेत माणूस आहे की नाही हे ती पाहत नाही.

टपावर आणि बॉनेटवर

टपावरच्या स्टेपनीला बहुतेक पुस्तके धोकादायक म्हणून मोडीत काढतात. आपण हिशेब करून पाहू. २००० किलोग्रॅमच्या ट्रकचा गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर. त्यात ४५ किलोग्रॅमचे चाक १९५ सेंटिमीटर उंचीवर ठेवले. दोन्हींच्या वजनाला उंचीने गुणून, बेरीज करून, एकूण वजनाने भागा. नवा गुरुत्वमध्य ७२.७ सेंटिमीटरवर येतो. ट्रकच्या डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर असेल, तर एखादी ताठ पेटी असावी तसा हा ट्रक आधी ४७ अंशांवर कलंडला असता. आता ४६ अंशांवर कलंडेल. फक्त एका अंशाचा फरक!

तेव्हा एकटे चाक तेवढे गुन्हेगार नाही. गुन्हेगार आहे टपावरची सोबत. एकदा वर जाळी बसवली की चाकाशेजारी इंधनाचे दोन डबे येतात, फावडे येते, तंबू येतो. बघता बघता वर १५० किलोग्रॅम जमतात. मग गुरुत्वमध्य जवळजवळ ७९ सेंटिमीटरवर जातो आणि कलंडण्याचा कोन साडेत्रेचाळीस अंशांच्या आसपास येतो. शिवाय खरा ट्रक ताठ पेटी नसतो. तो पाट्यांवर आणि फुगलेल्या टायरांवर उभा असतो. एका बाजूला कलला की तिकडचे पाटे दबतात, गुरुत्वमध्य आणखी त्याच बाजूला सरकतो. त्यात एक चाक दगडावर चढले किंवा वळणावर वेग असला, तर कागदावरच्या कोनाच्या कितीतरी आधी ट्रक आडवा होतो. एवढे करून वर भर उन्हात ४५ किलोग्रॅमचे चाक दोन मीटर उंचीवरून उतरवायचे आणि फुटलेले पुन्हा वर चढवायचे. एकट्या माणसाला हे जमत नाही.

बॉनेटवरची स्टेपनी मात्र आकड्यांत फार चांगली दिसते. जवळजवळ पुढच्या आसावरच भार, त्यामुळे पुढची चाके दाबली जातात. १९४८ साली ब्रिटनमध्ये लँड रोव्हर निघाली तेव्हा मागचा हौदा शेतमालासाठी मोकळा राहावा म्हणून तिच्या बॉनेटवर चाक बसवण्याची सोय होती. जुन्या छायाचित्रांत ती रुबाबदार दिसते. आजच्या ट्रकांचे बॉनेट उंच असते. त्यावर आणखी पाव मीटर जाडीचे चाक ठेवले तर समोरच्या दहा-बारा मीटरांतला खड्डा, दगड किंवा मूल दिसणार नाही. इंजिनात पाहायचे तर प्रत्येक वेळी पन्नास-साठ किलोचे झाकण उचलावे लागेल. आणि बॉनेटचा पातळ पत्रा या भारासाठी केलेलाच नसतो. ही जागा आपण सोडून देऊ.

जीपची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ पासून जी विलिस जीप बनू लागली तिची स्टेपनी मागच्या पत्र्यावर होती आणि तिच्या शेजारी इंधनाचा डबा. मागे दार नव्हतेच. सैनिक बाजूने उडी मारून चढत. युद्ध संपताना १९४५ मध्ये तीच जीप शेतकऱ्यांसाठी काढायची ठरली. शेतकऱ्याला मागून पोती टाकायची, म्हणून मागे पडणारा फाळका दिला. मग चाक कुठे न्यायचे? ते जीपच्या कुशीला, बाहेरच्या बाजूस लावले. भारताशी या वंशाचे नाते जुने आहे. १९४७ पासून महिंद्र कंपनीने विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू केली. गाडी जवळजवळ तीच, पण तिने करायचे काम बदलले आणि चाकाची जागा बदलली.

हौद्यात

राहता राहिला हौदा. केबिनच्या पाठीमागे लगेच, उभे किंवा किंचित कललेले चाक. मागच्या आसाच्या पंचवीसेक सेंटिमीटर पुढे. पुन्हा तरफेचा हिशेब करा : ४५ किलोग्रॅमपैकी सव्वाएकेचाळीस मागच्या आसावर, पावणेचार पुढच्या आसावर. पुढची चाके हलकी होण्याऐवजी किंचित जड झाली! मागचा कोन जसाच्या तसा. खडकाचा मार नाही, बिजागरीचा ताण नाही, आणि मागचे चाक बसले तरी स्टेपनी हाताशी.

या जागेचा आणखी एक फायदा आकृतीत दिसत नाही. तो हाताला जाणवतो. मीटरपट्टीच्या दोन्ही टोकांना एकेक दगड बांधा, पट्टी मध्यभागी धरा आणि मनगटाने झटक्यात डावीकडे-उजवीकडे फिरवा. मग तेच दगड हाताजवळ सरकवून बांधा आणि पुन्हा फिरवा. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी पट्टी किती सहज फिरते आणि सहज थांबते! फिरण्याला होणारा हा विरोध अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आपल्या ट्रकचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या १६५ सेंटिमीटर पुढे आहे. फाळक्याबाहेरचे चाक त्याच्यापासून ३ मीटरवर, हौद्यातले १.४ मीटरवर. अंतर दुपटीहून थोडे जास्त, पण विरोध साडेचार पट. निसरड्या वाटेवर ट्रकची शेपटी एकदा फेकली गेली की मागे लोंबणारे चाक तिला तशीच फेकत ठेवते. १९७८ च्या अखेरीस पॅरिसहून सुटलेल्या पहिल्या शर्यतीपासून डाकार रॅलीचे नाव झाले. आजच्या तिच्या बऱ्याच मोटारींत जादा चाके खाली, दोन आसांच्या मध्ये कोंबलेली असतात, ती याच कारणाने. उलट मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून चालणाऱ्या वाळवंटी शर्यतीतले मोठे ट्रक दोन-दोन चाके मागच्या बाजूला उघड्यावर वाहतात. त्यांतल्या अनेकांचा जोर मागच्या चाकांना असतो, तेव्हा मागे भार हवाच असतो. आणि तेथे एकेक सेकंद मोजला जातो, म्हणून चाक ओढले की हातात आले पाहिजे.

हौद्याचे तोटेही आहेत. चाक उभे ठेवले तरी हौद्याची तीसेक सेंटिमीटर लांबी जाते. आडवे ठेवले तर दीड मीटरच्या हौद्यातली निम्म्याहून जास्त. केबिनच्या मागच्या काचेतून दिसत नाही, बाजूच्या आरशांवर काम भागवावे लागते. पण सर्वांत महत्त्वाचे, ते चाक नुसते दोरीने बांधून चालत नाही. जोरात ब्रेक लावला तर ४५ किलोग्रॅमचे चाक तीस-पस्तीस किलोग्रॅम-भाराने पुढे रेटते, ते दोरी सोसेल. पण टक्कर झाली, आणि वेग गुरुत्वत्वरणाच्या वीसपट त्वरेने कमी झाला, तर तेच चाक ९०० किलोग्रॅम-भाराने केबिनच्या काचेवर येते. म्हणून हौद्याच्या तळाला आणि शक्य तर चासीला बोल्टने जखडलेला आधार हवा, आणि चाक त्याच्यावर रिमच्या नटांनी आवळलेले हवे.

तेव्हा या ट्रकपुरते माझे मत विचाराल तर चाक हौद्यात, केबिनला लागून उभे. माल इतका असेल की हौदा सोडताच येत नाही, तर बंपरवरची चौकट; पण मग जड सामान हौद्यात पुढच्या बाजूला सरकवायचे आणि पाटे तपासून घ्यायचे. कच्च्या पण सपाट वाटांनीच जायचे असेल आणि चाक जुन्याच मापाचे असेल, तर पोटाखालची कारखान्याची जागा बदलण्याचा खटाटोप करू नये. फक्त दर महिन्याला एकदा चाक खाली सोडून, साखळीला तेल देऊन, पुन्हा वर घ्यावे. टप मी शेवटी ठेवीन.

शाळेत हे पडताळून पाहायचे असेल तर दोन तणावकाटे, अर्ध्या मीटरची पट्टी आणि काही वजने पुरतील. पट्टी ५ आणि ३५ सेंटिमीटरच्या खुणांवर दोऱ्याने बांधून दोन काट्यांना आडवी टांगा. हे झाले पुढचा आणि मागचा आस. २० च्या खुणेवर ५०० ग्रॅमचे वजन अडकवा, हा ट्रक. दोन्ही काट्यांची वाचने लिहून घ्या. आता ४७ च्या खुणेवर २०० ग्रॅम अडकवा, ही फाळक्याबाहेरची स्टेपनी. मागचा काटा २८० ग्रॅमने वाढलेला आणि पुढचा ८० ग्रॅमने उतरलेला दिसेल. मग २०० ग्रॅमचे वजन हळूहळू पुढे सरकवत आणा आणि पुढचा काटा पहिल्या वाचनावर नेमका कोणत्या खुणेपाशी परत येतो ते पाहा. उत्तर आधी कागदावर काढून ठेवलेत तर जास्त मजा येईल.